कपाटातल्या कलशाचं काय करू?

पत्र : पाळकसाहेब, सलाम. मी पुण्याजवळ राहते, सासर श्रीरामपूर तालुक्यातलं. 22 एप्रिल 2021 ला माझे मिस्टर कोविडनं गेले. तेव्हाचे दिवस तुम्हांला माहीत आहेत. बॉडी घरी दिली नाही, गावी नेता आली नाही. शहरातल्या स्मशानातच अग्नी दिला. मी स्वतः पॉझिटिव्ह होते, म्हणून कलश मुलानं आणला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तो कलश अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या मागे. लाल फडक्यात बांधलेला, वर नंबरची चिठ्ठी तशीच.

सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. दर ईस्टरला सासऱ्यांच्या कबरीला चुना लावतात आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणतात, "माझ्या लेकराला जाळलं, आता तो उठायचा कसा?" मुलगा हल्ली दुसऱ्या एका फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती प्रार्थनागटाला, जातो. तो म्हणतो, "बाबा प्रभूजवळ आहेत. ती नुसती राख आहे, नदीत सोडून दे. जवळ ठेवणं म्हणजे मूर्तिपूजा." आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, पाच वर्षं होत आली, आता रडू नका, विश्वासाची साक्ष द्या. खरं सांगू का, आशा होती. आता आहे की नाही, कळत नाही. चर्चमध्ये गीताला उभी राहते आणि तोंडच उघडत नाही.

आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. हॉस्पिटलच्या पिशवीत चार्जर टाकायला मी विसरले होते. वॉर्डबॉयच्या फोनवरून ते माझ्यावर ओरडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. आता त्यांचा आवाज आठवेनासा झालाय, ओरडलेला तेवढा आठवतो. कलशाचं काय करू? आणि माझा विश्वास गेला का?

उत्तर : ताई, प्रभूमध्ये सलाम.

आधी आईंच्या प्रश्नाचं बघू. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला उत्तरासाठी ताटकळत ठेवू नये. त्यांना माझ्या नावानं निरोप द्या की शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा जळलेला माणूसही उठतो. उठायचाच असेल तर पुरलेला जितका उठतो तितकाच जळलेलाही उठतो.

ही शंका काही आपल्या श्रीरामपूरकडची नाही, फार जुनी आहे. इ. स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिऑन शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारलेल्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख झाडून ऱ्होन नदीत लोटून दिली. मारणाऱ्यांचा हिशेब अगदी आईंच्या हिशेबासारखाच होता : यांना पुनरुत्थानाची फार आशा आहे ना, मग उठायला काही शिल्लकच ठेवू नका, बघू यांचा देव काय करतो ते. तिथल्या मंडळीनं ही सगळी हकीकत आशियातल्या मंडळ्यांना पत्रानं कळवली. कबर नाही, हाड नाही, मूठभर राखही हाती नाही, आणि तरी त्या पत्रात आमची माणसं कायमची गेली असा सूर नाही. आईंच्या हातात तर निदान कलश आहे.

आणि पुरलेल्याचं तरी काय राहतं? आईंनी आयुष्यभर शेती केली असेल, त्यांना हे माझ्यापेक्षा बरं समजेल. पेरलेली बाजरी आठ दिवसांनी उकरून बघितली तर दाणा सापडतो का? फोल सापडतं. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पुनरुत्थान समजावताना हाच पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला. आग तासा-दोन तासांत जे करते, तेच करायला माती कित्येक वर्षं घेते, फरक तेवढाच. तुमच्या सासऱ्यांच्या कबरीतही आता चुन्याखाली मातीच असणार. हे आईंना असं तोंडावर सांगू नका म्हणा. मी सांगेन भेटलो की.

आपल्या दफनविधीत खड्ड्यावर माती टाकताना पाळक काय म्हणतो, आठवतंय? "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ." हे शब्द 1549 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून चालत आले आहेत. त्या काळी तिकडे ख्रिस्ती माणसाचा अंत्यविधी दहनानं होत नसे, तरी मध्ये राख आहेच. आणि लगेच पुढे पुनरुत्थानाच्या निश्चित आशेचे शब्द येतात. मी हे वाक्य शेकडो वेळा म्हटलं असेल. त्यातल्या राखेकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते 2021 मध्ये.

कॅथलिक मंडळीनं 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली. 2016 मध्ये एवढंच बजावलं की राख उधळू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. आपण त्या मंडळीतले नाही, पण ही सूचना मला शहाणपणाची वाटते. नदीत सोडलं तर आईंना जायला जागा उरत नाही. कपाटात ठेवलं तर तुम्हांला रोज साडी काढताना हात आखडता घ्यावा लागतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : तो कलश गावी न्या आणि सासऱ्यांच्या कबरीशेजारच्या त्या मोकळ्या जागेत पुरा. कसं आणि कधी ते खाली सांगतो.

आता मुलाविषयी. तुमच्या पत्रात त्याच्यावर तीन-चार ओळी आहेत, बहुतेक तक्रारीच्याच. पण मी थांबलो ते त्याच्याआधीच्या एका वाक्यावर. "कलश मुलानं आणला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता." हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सतरा वर्षांचा पोरगा, बाप गेलेला, आई तापात, रस्त्यात पोलीस, स्मशानाबाहेर अँब्युलन्सची रांग. त्यानं नंबर सांगितला असेल, कुणीतरी लाल फडक्याची गाठ मारून हातात दिलं असेल. घरी कसा आणला त्यानं तो? रिक्षातून, मांडीवर? स्कूटरवर, पायांमध्ये? तुम्ही कधी विचारलंत का?

पंडिता रमाबाईंचं यावरून आठवतं. 1874 च्या सुमाराला दुष्काळात त्यांचे वडील गेले आणि थोड्याच काळात आई गेली. आईला उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंचीनं लहान, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. वय सोळाच्या आसपास. पुढे जगभर नाव झालं, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी केलं, पण कित्येक वर्षांनी आपली हकीकत सांगताना तो डोक्यावरचा भार त्यांना सोडून देता आला नाही.

तुमचा मुलगा "नुसती राख आहे" म्हणतो ना, ते त्यानं ती उचलली आहे म्हणून म्हणतो, असं मला वाटतं. नुसती राख नसेल तर त्या दिवशी आपण एकट्यानं बापाला घरी आणलं, हे त्याला स्वतःशी कबूल करावं लागेल. मी चूकही असेन. त्याच्याशी मूर्तिपूजेवर वाद घालू नका. वचनाला वचन लावत बसलात तर तो जिंकेल, हल्लीच्या पोरांना फोनमध्ये सगळी वचनं सापडतात. त्याला फक्त विचारा, "त्या दिवशी तू कसा आलास रे घरी?" आणि तो बोलायला लागला तर मध्ये बोलू नका. नाही बोलला तर चहा करा.

मंडळीतल्या बायकांबद्दल मी कडक लिहिणार होतो, पण मला तो हक्क नाही. त्याच वर्षी मे महिन्यात एका घरी गेलो होतो. दोन पोरांची आई, नवरा जाऊन नऊ दिवस झालेले. तोंडाला मास्क, हातात शास्त्र, आणि मी म्हणालो, "बाई, देव आपल्या बागेतली चांगली फुलं आधी खुडतो." काहीच बोलली नाही ती. उठून आत गेली, मोरीतला नळ सोडला आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, आवाजावरून कळत होतं. मी प्रार्थना करून निघालो तरी नळ चालूच होता. असल्या वेळी शांतता सोसत नाही म्हणून आपण बोलतो. त्या बायकाही म्हणूनच बोलतात. त्यांना माफ करा, पण त्यांचं ऐकू नका.

रडू नये असं शास्त्रात कुठेही नाही. स्तेफनाला, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला, मरताना स्वर्ग उघडलेला दिसला होता. तो कुठे गेला याबद्दल यरुशलेमच्या मंडळीत कुणाच्या मनात शंका असेल? तरी प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे की भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी फार शोक केला. फार. आणि लाजराच्या कबरीपाशी तर प्रभू स्वतः रडला, घटकाभरात त्याला जिवंत करून बाहेर बोलावणार आहोत हे माहीत असून. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं वाक्य आपण अर्धंच पाठ करतो. "दुःख करू नका" एवढ्यावर तो थांबत नाही, आशा नसलेल्यांसारखं करू नका म्हणतो. म्हणजे आशा असलेल्यांचंही एक रडणं असतं.

तुम्ही म्हणता, आशा होती. हे भूतकाळातलं "होती" वाचून मला प्रभूला क्रुसावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेला लागलेले दोघे शिष्य आठवले. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूकनं आपल्या शुभवर्तमानात दिलेलं नाही. यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे अकराएक किलोमीटर, ते पाय ओढत चालले आहेत. अनोळखी वाटसरू सोबत येतो, आणि त्याला ते काय सांगतात? आम्ही आशा धरून होतो. हेही "होतो"च. प्रभू जिवंत होऊन त्यांच्या शेजारून चालतोय आणि हे त्याच्याच तोंडावर त्याच्याबद्दल भूतकाळात बोलताहेत! पुढे तो त्यांना मंदमती म्हणतो, शास्त्रही समजावतो, पण आधी "काय झालं?" असं विचारून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगू देतो. आणि सोडून जात नाही. त्यांनी त्याला ओळखलं ते भाकरी मोडताना, घरात, जेवायला बसल्यावर.

तेव्हा विश्वास गेला का, या प्रश्नावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही. यहेज्केलला देवानं वाळलेल्या हाडांनी भरलेलं खोरं दाखवलं आणि विचारलं, ही हाडं जिवंत होतील का? संदेष्टाच तो, "हो प्रभू, होतीलच" म्हणून छाती फुगवू शकला असता. तो म्हणाला, प्रभू, तुलाच ठाऊक. तुम्हांला सध्या एवढंच म्हणता येत असेल तर एवढंच म्हणा. गीताला तोंड उघडत नसेल तर उघडू नका. नुसत्या उभ्या राहा, बाकीचे गातात तोवर. मंडळी असते कशाला? उद्या दुसऱ्या कुणाचा आवाज बसेल तेव्हा तुम्ही गाल.

आवाजाचं लिहिलंत ते वाचून मात्र मला थोडा वेळ पत्र बाजूला ठेवावं लागलं. माझ्या आईचा आवाज मला आठवत नाही. ती जाऊन पस्तीस वर्षं झाली. ती पाटीवरचं पीठ चाळताना काहीतरी गुणगुणायची एवढं माहीत आहे, पण ते माहीत आहे, ऐकू येत नाही. पूर्वी मला याची लाज वाटायची. आपण स्मरण स्मरण म्हणतो, प्रभुभोजनाच्या मेजावर "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं कोरून ठेवतो, आणि सख्ख्या आईचा आवाज राखता येत नाही! पण वचन नीट बघा. "माझा चेहरा आठवा, आवाज आठवा" असं तो म्हणाला नाही. "करा" म्हणाला. भाकर घ्या, मोडा, वाटा. डोकं साथ देत नसलं तरी हातांना हे करता येतं. आणि आपली माणसं देवाच्या आठवणीत असतात, ती काही आपल्या आठवणीच्या जोरावर नव्हे. यशयामध्ये देव म्हणतो, आई एक वेळ तान्ह्याला विसरेल, मी विसरणार नाही, तुला मी तळहातावर कोरलं आहे. कोरलं म्हणतो, लिहिलं नाही. घासून जात नाही ते.

राहिला चार्जर. ते भांडण तुम्ही पाच वर्षं एकटीनं उचललं आहे. ऑक्सिजनवरचा माणूस, फोन बंद पडत आलेला, घाबरलेला. घाबरलेला नवरा बायकोवरच ओरडतो, दुसऱ्या कुणावर ओरडण्याची त्याची हिंमत नसते. मी ओरडलेला आहे, बायपासच्या आदल्या रात्री, मोज्यांवरून. माझ्या बायकोनं ते अजून ऐकवलं नाही असा एकही ईस्टर गेलेला नाही. मी जगलो म्हणून त्याचा विनोद झाला. नसतो जगलो तर तिनेही तुमच्यासारखंच पत्र लिहिलं असतं.

तो ओरडलेला आवाज पुसू नका. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या, मागे आठवणी लिहिल्या, त्यात नारायणरावांचा संताप, लहर, पैशांचा वेंधळेपणा सगळा आहे. ज्या माणसाची गीतं आपण रविवारी गातो त्याच माणसाचा. काहीही झाकलेलं नाही, आणि पानापानांतून त्या बाईचं प्रेम दिसतं. तुम्हीही एक वही घ्या. पहिल्या पानावर चार्जरचंच लिहा. मग बाकीचं येईल. ते हॉर्न कसा वाजवायचे, भाजीत मीठ कमी पडलं तर काय म्हणायचे. रोज नको, आठवेल तेव्हा. ती वही मुलाच्या हाती लागेल अशा जागी ठेवा.

आता काम. यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे. पहाटेच्या उपासनेला सगळी मंडळी कबरस्तानात असेल, गिटार, माईक, मुलांच्या हातात मेणबत्त्या. त्या गर्दीत तुमचं काम करू नका. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी 4 तारखेला या. उत्तम शुक्रवार आणि ईस्टर यांच्या मधल्या या शनिवारचं आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही, बायका फराळाच्या आणि पोरं सजावटीच्या मागे असतात. पण त्या दिवशी प्रभू कबरेत होता. शिष्यांना पुढचं काहीही माहीत नव्हतं. तुमची गेली पाच वर्षं मला त्या शनिवारासारखी वाटतात. म्हणून तो दिवस.

गावच्या पाळकांशी मी बोलतो. तुम्ही गावच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या चिटणीसांना एक साधा अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि स्मशानाची पावती सापडली तर तिची झेरॉक्स. कुटुंबाच्याच जागेत राख पुरायची आहे, मोठा खड्डा लागत नाही, हातभर पुरे. कलश मातीचा असेल तर तसाच ठेवा. तांब्या-पितळेचा असेल तर राख मोकळी मातीत सोडा. चिठ्ठी काढून ठेवायची की सोबत पुरायची ते मुलाला ठरवू द्या. आणि गाडीतून उतरल्यावर कलश त्याच्या हातात द्या, काही न बोलता. नाही म्हणाला तर तुम्ही घ्या.

पूर्ण दफनविधी करायचा, दुसऱ्या मातीसारखाच, एक शब्द न वगळता. कोविडच्या दिवसांत मी कित्येक दफनविधी फोनवर केले. एकदा तेविसावं स्तोत्र वाचत असताना पलीकडून "साहेब, आवरा, मागे गाडी आहे" असं ऐकू आलं आणि मी शेवटच्या दोन ओळी सोडून आमेन म्हटलं. त्या ओळी मी त्या घराला देणं लागतो. तुमच्या मिस्टरांना तर एक ओळही मिळालेली नाही. पाच वर्षांनी दफनविधी चालतो का, असं कमिटीत कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.

मृतांसाठी आपण प्रार्थना करत नाही, त्यांच्याबद्दल उपकार मानतो, एवढं मुलाला सांगून ठेवा, म्हणजे त्याच्या मनाला बोचणार नाही. हवं तर एक वचन त्यालाच वाचायला द्या, त्याच्या आवडीचं. फोटोला हार घालावा का, असं आणखी कुणी विचारलं तर म्हणा, पाळकसाहेबांना वेळ नाही.

विधी झाला की देवळात या. दफनाची नोंदवही असते, लांब, कापडी बांधणीची. नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, पाळकाची सही असे रकाने. मृत्यूच्या रकान्यात 22 एप्रिल 2021 येईल आणि दफनाच्या रकान्यात 4 एप्रिल 2026. पुढे कुणी ती वही उघडली तर या दोन तारखांत एवढं अंतर कसं म्हणून बुचकळ्यात पडेल. पडू दे. लिहिताना आईंना शेजारी उभं करा, त्यांना वाचता येत नसेल तर नाव मोठ्यानं वाचून दाखवा.

येताना टिकाव-फावडं आणू नका, तिथे आहे. चुना मात्र आईंना आदल्या रात्रीच भिजत घालायला सांगा, आणि या वेळी दोघांपुरता.

तुमचा,
पाळक